मायक्रोफिल्मवरचा वंश कॅमेऱ्यात उतरवताना

नाशिक रोडकर मंडळी, वंशावळ शोधायची तर आपल्याइतके नशीबवान कोणी नाही. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे मूळ गाव आणि आडनाव सांगायचं, की ते नामावळीची जाडजूड वही काढतात. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत. पणजोबांची सहीही सापडू शकते! फोटो मात्र गुरुजींना विचारूनच.

हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्या अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर घेतल्या. तिच्या सुमारे २४ लाख रोलचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे आधी तिच्या ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर खातं उघडून शोधा, ते फुकट आहे.

एखाद्या दप्तरखान्यात रोलच हाती आला, तर मायक्रोफिल्म रीडरच्या पडद्याचा फोटो घेता येतो. फ्लॅश बंद, खोलीतला दिवा मंद, कॅमेरा ट्रायपॉडवर पडद्याच्या अगदी समोर. थोडा जरी तिरका राहिला तरी एका बाजूची अक्षरं फिसकटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रीडरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, म्हणजे फोटोत काळे पट्टे येत नाहीत. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. फिल्म निगेटिव्ह असेल तर घरी रंग उलटे करा. मला मात्र मोडीची बारीक वळणं काळ्यावर पांढरी असतानाच जास्त नीट लागतात.

आणि हो, पहिला फोटो रोलच्या डबीवरच्या लेबलचा. नाहीतर शेकडो फोटोंत कुठलं पान कुठल्या दप्तरातलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.