एक्सेल येतं म्हणजे नक्की काय येतं?



कॉलेजचं नवं सत्र सुरू होतंय आणि आपल्या घराघरांत कोणते विषय घ्यायचे यावर चर्चा रंगल्या आहेत. गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती इथे न्यू जर्सीत बिझनेसच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, एक्सेलचा अख्खा कोर्स घ्यायला लावतायत. मला बेरीज येते, चार्ट काढता येतो. अडलं तर एआय आहेच. सोडून देऊ का?"

मी पडलो आयटीवाला, तेव्हा लगेच "सोड" म्हणेन असं तिला वाटलं असावं. पण एमबीए करताना मीही हेच म्हणालो होतो आणि पुढे त्याची किंमत मोजली होती. म्हणून आज तिला दिलेलं उत्तर तुम्हालाही सांगतो.

स्प्रेडशीटची कल्पना मुळात वर्गातच सुचली. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये एमबीए करत होता. फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता असायचा आणि त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागायचे. हे काम संगणकाने का करू नये, असं त्याच्या मनात आलं. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केलं आणि १९७९ मध्ये ते ॲपल टू संगणकावर आलं. आता एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. सोय मोठी, पण धोकाही त्यातच आहे. चुकीचा आकडासुद्धा तितक्याच गुपचूप सगळीकडे पोचतो.

याचं गाजलेलं उदाहरण ऐका. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की प्रगत देशांची वाढ खुंटते, सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात होतं. अमेरिका-युरोपात सरकारी खर्च कमी करण्याच्या वादात त्याचे दाखले दिले गेले.

थॉमस हर्नडन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी. एखाद्या प्रसिद्ध निबंधातलं गणित पुन्हा करून दाखवा, असा त्याच्या कोर्सचा गृहपाठ होता. त्याने हा निबंध घेतला, पण उत्तर काही जुळेना. शेवटी त्याने लेखकांकडेच शीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४९ या ओळींवर हवा होता, तो ४४ वरच थांबला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी सुधारलेली सरासरी मांडली: अधिक २.२ टक्के. सगळा फरक त्या फॉर्म्युल्याचा नव्हता. काही वर्षांचे आकडे गाळले होते, सरासरी काढायच्या पद्धतीवरही आक्षेप होता. पण फॉर्म्युल्याची चूक लेखकांनी मान्य केली.

आता माझी फजिती. बाबांच्या बँकेतल्या मुदत ठेवींची यादी भारतातून आली आणि मी ती इथल्या लॅपटॉपवर उघडली. ०५/०६ म्हणजे बाबांचा ५ जून, पण अमेरिकन सेटिंगचा एक्सेल त्याला ६ मे समजतो. दिसायला तारीख तशीच दिसते! २५/०६ मात्र त्याला कळत नाही, कारण पंचविसावा महिना नाही. म्हणून तो ते नुसता मजकूर म्हणून ठेवतो. तारखांप्रमाणे यादी लावली तर सगळा गोंधळ. मी बाबांना फोन करून सांगितलं, "ठेवीची मुदत संपली, बँकेत जा." ते उन्हातून गेले आणि महिनाभर आधीच आलात म्हणून परत आले. एक खूण लक्षात ठेवा: एक्सेलला तारीख कळली तर ती आपणहून सेलच्या उजव्या कडेला बसते, नाही कळली तर डाव्या.

चांगला कोर्स नेमकं हेच शिकवतो. व्याजदर किंवा डॉलरचा भाव प्रत्येक फॉर्म्युल्यात कोंबायचा नाही, एका वेगळ्या सेलमध्ये ठेवायचा. फॉर्म्युला खाली ओढताना कोणता सेल जागचा हलू द्यायचा नाही, हे डॉलरच्या चिन्हाने सांगायचं. व्हीलुकअपमध्ये शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरलात तर तो जवळपासचं उत्तर उचलून देऊ शकतो आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. बेरीज आडवी आणि उभी, दोन्हीकडून करून ताळा घ्यायचा. आपल्या आजोबांच्या खतावणीतली शिस्तच ही!

मग एआय? फॉर्म्युला तो झकास लिहून देतो. पण बाबांचा ०५/०६ जूनमधला की मेमधला, हे त्याला आपणच सांगायचं असतं. आणि ते सांगायला हवं, हे आपल्याला आधी सुचावं लागतं.

तेव्हा मुलं "एक्सेल येतं" म्हणाली तर वाद घालू नका. महिन्याचा घरखर्च मांडायला द्या आणि एवढंच विचारा, "हे उत्तर बरोबर आहे, हे तुला कसं कळलं?" पटकन सांगता आलं, तर कोर्स खुशाल सोडू द्या.

भाचीलाही मी हेच विचारलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, ठेवते कोर्स. पण मामा, आजोबांच्या ठेवींची ती शीट मला पाठव. बघते जरा."

पाठवली आहे. तिला आणखी काय सापडतंय, याची मला धाकधूक आहे. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!