श्वानाचा तोल आणि पिवळा पट्टा

नगर-पुणे रस्त्यावरील केडगाव हे एकेकाळी शेतीवाडीचे गाव. आज तेथे वसाहती उभ्या राहिल्या आहेत. वस्तीवर दिवसभर मोकळा हिंडणारा कुत्रा बंगल्याच्या फाटकापाशी साखळीने बांधला गेला, की त्याच्या अंगातील शक्तीला वाट उरत नाही. मग भुंकणे, उकरणे, कुरतडणे सुरू होते. अशा श्वानाच्या शरीराला आणि बुद्धीला एकाच वेळी काम देणारा खेळ म्हणजे 'ॲजिलिटी', अर्थात अडथळ्यांची शर्यत.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील 'क्रफ्ट्स' श्वानप्रदर्शनात घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर या खेळाचे प्रात्यक्षिक झाले. १९८० मध्ये तेथील केनेल क्लबने त्याला मान्यता दिली आणि १९९६ पासून जागतिक स्पर्धा भरू लागल्या. आपल्याकडे अडथळे पार करणारे श्वान परिचित आहेत ते पोलीस आणि लष्कराच्या पथकांमुळे. घरगुती श्वानासाठी हा खेळ अजून नवाच म्हणावा लागेल.

तीन अडथळे, एक नियम

या शर्यतीत उड्या आणि बोगद्यांखेरीज तीन अडथळे असे असतात, की ज्यांवर श्वानाला पाय टेकवावेच लागतात. पहिला, दोन्ही बाजूंनी उतरता असलेला 'ए' आकाराचा उतार. दुसरा, सुमारे सव्वा मीटर उंचीवरील अरुंद फळीचा पूल. तिसरा, सी-सॉ. पूल आणि सी-सॉ यांच्या फळीची रुंदी जेमतेम एक फूट असते. या अडथळ्यांच्या टोकाचा भाग वेगळ्या, बहुधा पिवळ्या रंगाने रंगवलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पूल आणि सी-सॉवर हा पट्टा ९० सेंटिमीटरचा असतो. त्याला पायाचा स्पर्श न करता श्वानाने उडी मारली, तर दोषगुण लागतात.

हा नियम गुणांपुरता नाही. श्वानाच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि हे पाय धडाशी हाडांच्या सांध्याने नव्हे, तर केवळ स्नायूंनी जोडलेले असतात. उंचावरून पुन:पुन्हा झेप घेतल्यास खांदा आणि मनगट यांना मार बसतो. पट्ट्यापर्यंत उतरून येणारा श्वान अधिक वर्षे धावू शकतो.

शेवटापासून सुरुवात

येथे शिकवण्याचा क्रम उलटा असतो. प्रथम शेवटची अवस्था शिकवायची : मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर. सुताराकडून फूटभर रुंदीची, खरखरीत पृष्ठभागाची फळी आणून ती जमिनीवर आडवी ठेवावी. या अवस्थेत श्वान उभा राहताच त्याच्या पुढच्या पायांजवळ, जमिनीलगत खाऊ द्यावा. खाऊ वर धरल्यास मान उंचावते आणि मागचे पाय फळीवरून घसरतात. 'चल' हा शब्द उच्चारल्याखेरीज त्याने हलू नये, हे हळूहळू बिंबवावे. आपण पुढे धावलो, मागे राहिलो किंवा बाजूला वळलो तरीही तो थांबला पाहिजे. बक्षीस थांबण्याचे आहे, सुटण्याचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर फळीचे एक टोक विटेवर टेकवून ते हलणार नाही याची खात्री करावी. श्वानाला प्रथम टोकाजवळ, मग मध्यावर आणि अखेरीस दुसऱ्या टोकावर चढवून उतरवावे. अशा रीतीने त्याची वाटचाल नेहमी ओळखीच्या जागेकडे होते. उंची वाढवावी ती सर्वांत शेवटी, थोडीथोडी. 'ए' उतारही आरंभी जवळपास सपाट ठेवावा. काही प्रशिक्षक थांबण्याऐवजी धावतच पट्ट्यावर पाय टेकवण्याची सवय लावतात. त्यात वेळ वाचतो. परंतु त्यासाठी अचूक सराव फार लागतो, म्हणून नवशिक्याने थांबण्याची पद्धत स्वीकारणे श्रेयस्कर.

सी-सॉची भीती

सर्वांत नाजूक अडथळा सी-सॉ. पायाखालची जमीन अचानक खाली जाते आणि फळी धाडकन आपटते. हालचाल आणि आवाज या दोन्हींची सवय स्वतंत्रपणे करावी. फळी प्रथम इंच-दोन इंचच खाली जाईल अशी ठेवावी आणि टोकाखाली पोत्याची जाड घडी घालावी, म्हणजे आवाज मंद होतो. एकदा भेदरलेला श्वान कित्येक दिवस फळीकडे फिरकत नाही. त्याला पट्ट्याने ओढून चढवणे, दरडावणे किंवा मारणे यांमुळे ती भीती पक्कीच होते. अशा वेळी एक पायरी मागे जाणे हाच उपाय होय.

हवामान आणि वय

नगर परिसराच्या कडक उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच करावा. फळीवर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. चटका बसल्यास श्वानाचे पायही भाजतील. एका वेळी पाच मिनिटांचा सराव पुरेसा होतो. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत पूर्ण उंचीचे अडथळे टाळावेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दीड वर्षाखालील श्वानाला प्रवेश नसतो. सांध्यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.

यासाठी महागडी विदेशी जातच हवी असे नाही. चपळ, काटक गावठी कुत्राही हे सहज शिकू शकतो. हवी ती एक फळी, चार विटा आणि मालकाची रोजची दहा मिनिटे.