एडिटिंगचा संगणक कॅमेऱ्याला विचारून घ्या

व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घ्यायचा म्हटले की बोलणे लगेच ‘मॅक की विंडोज’वर येते, आणि निम्मे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. खरे तर आधी पाहायला हवे ते आपल्या कॅमेऱ्यातून कोणत्या प्रकारची फाइल बाहेर पडते हे. त्यावरून सॉफ्टवेअर ठरवावे, आणि यंत्र सर्वांत शेवटी. आयफोनवर ४के चित्रण ३० फ्रेमने केले, तर नेहमीच्या एचईव्हीसी प्रकारात एक मिनिट सुमारे १७० एमबी जागा घेते. फोन प्रो मॉडेलचा असेल आणि तेच मिनिट प्रोरेसमध्ये टिपले, तर सुमारे ६ जीबी लागतात. एचईव्हीसीची फाइल इतकी लहान होते, कारण तिच्यात मोजक्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात. बाकीच्यांत फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर मधल्याच एका फ्रेमवर थांबलो, तरी ती दाखवण्यासाठी संगणकाला आधीच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. तिथे प्रोसेसर निवांत राहतो आणि भार डिस्कवर येतो. म्हणजे फाइल लहान म्हणून साधा संगणक चालेल, हा हिशेब नेमका उलटा आहे.

दुकानात यावर ठरलेले उत्तर मिळते: मोठे ग्राफिक्स कार्ड घ्या. रंगसंस्कार आणि इफेक्टसाठी ते कामाचे आहेच, पण फुटेज उलगडणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय असावी लागते. आज अनेक मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ या, रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या एचईव्हीसीमध्ये चित्रण करतात. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप हे सहज उलगडतात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्सही उलगडते. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ही सोय २०२५ मध्ये ५० मालिकेपासून आली. त्याआधीचे महागडे कार्ड या फुटेजवर अडखळते, तिथे मध्यम किमतीचा इंटेल लॅपटॉप सुरळीत चालू शकतो. इंटेल घेतानाही नाव नीट वाचावे: ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात हे अंगभूत ग्राफिक्स नसतेच.

‘प्रॉक्सी केल्या की झाले’ हा आक्षेप रास्त आहे. हलक्या प्रती बनवून त्यांवर कापणी करायची आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडायची, ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. हाताशी जुना संगणक असेल तर नवा घेण्याआधी हीच वापरून पाहावी. पण बातमी किंवा लग्नाचे त्याच दिवशी द्यायचे हायलाइट असेल, तर प्रॉक्सी बनेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: व्यावसायिक लोक मॅकच वापरतात. बरेच जण वापरतात, हे खरे. पण २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणले तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रकल्प उघडेनात, आणि कित्येक संपादक प्रीमियर किंवा ॲव्हिड या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. उलट २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा कोरियन ‘पॅरासाइट’ संपादित झाला तो त्याच जुन्या फायनल कट प्रो ७ वर. फायनल कट उत्तम आहे, पण ते विंडोजवर चालत नाही. प्रीमियर, ॲव्हिड आणि दाविंची रेझॉल्व मॅक-विंडोज दोन्हींवर चालतात. दुसऱ्यांबरोबर काम करायचे असेल तर ते कशावर काम करतात हे आधी विचारावे. रेझॉल्व लिनक्सवरही आहे, पण तिथली मोफत आवृत्ती एच.२६४ प्रकारातल्या फाइली वर्षानुवर्षे उघडत आलेली नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. राहिला यंत्राचा प्रश्न: आताच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी लागते आणि किंमत चढते. डेस्कटॉप विंडोज इथे सरळ सरस ठरतो.

मराठीत काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. प्रीमियरमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय सेटिंगमध्ये निवडला नाही, तर युनिकोडमधली जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. म्हणून पैसे देण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यातल्या फाइली डिस्कवर घेऊन जाव्यात, जे सॉफ्टवेअर वापरणार त्यातच तीन थर एकमेकांवर लावून चालवाव्यात, आणि वर ‘ज्येष्ठ दिग्दर्शक’ असे शीर्षक टाइप करून पाहावे.