पोटरी उडते, पाय चालतो

डोळा लवला की आजी विचारायची, उजवा की डावा? पुरुषाचा उजवा शुभ, बाईचा डावा. आता तोच प्रश्न मोबाइलला विचारला तर शुभ-अशुभ राहतं बाजूला, स्क्रीनवर ‘एएलएस’ ही तीन अक्षरं उभी राहतात, म्हणजे स्नायू निकामी करत नेणारा चेतापेशींचा आजार.

भिलाईत मे महिन्यात भट्टीपाशी नाईट शिफ्ट करून क्वार्टरमध्ये आडवं झालं की पोटरीत कातडीखाली अळी वळवळावी तसं काहीतरी उडायला लागतं. दुखत नाही, पायही हलत नाही. झोप मात्र उडते.

होतं ते इतकंच. एकेका चेतातंतूच्या ताब्यात शेकडो स्नायुधागे असतात. तंतूचं टोक कधीकधी हुकूम नसताना ठिणगी टाकतं आणि तेवढेच धागे आकसतात. त्याची कारणं: दमणूक, जागरण, घामावाटे गेलेलं मीठपाणी, दम्याची काही औषधं, थायरॉइडचा बिघाड, आणि धास्ती. धास्ती सगळ्यांत चिवट, कारण पोटरीवर पहारा बसवला की एरवी न कळणारी फडफडही मोजली जाते. या भीतीने मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांत डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थीही असतात. त्यांना पुस्तक पाठ असतं, म्हणूनच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1993 मध्ये अशा 121 जणांचा पाठपुरावा छापला. सगळ्यांचे स्नायू उडत होते, पण ताकद शाबूत होती. काहींवर तर 32 वर्षं लक्ष ठेवलं होतं. एकालाही एएलएस झाला नाही.

एएलएस खरा आहे आणि क्रूर आहे. पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखात सुमारे दोघांना तो होतो. जानेवारी 2001 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले स्टीफन हॉकिंग अनेकांना आठवत असतील. 1963 मध्ये, एकविसाव्या वर्षी निदान झालं, त्याआधी त्यांना जाणवलं होतं ते विनाकारण पडणं आणि हातापायांचं अवघडलेपण. फडफड असो वा नसो, आधी काम अडतं.

या मातीला चेतापेशींचा आणखी एक खरा आजार ठाऊक आहे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला तो तिवरा या कडधान्यामुळे कळला, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे तिवऱ्याला म्हणतात लाखोळी. धान उभं असतानाच ओलीवर उतेरा पद्धतीने फेकलेलं हे बी दुष्काळातही तगतं. पण दोन-तीन महिने तेच मुख्य अन्न झालं तर त्यातलं विष मेंदूकडून पायांकडे येणारी वाट जाळतं. सागर भागात असे लोक पांगळे झाल्याचं इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1844 च्या पुस्तकात नोंदलं. महाराष्ट्रात 1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’, ‘महातिवरा’ असे कमी विषाचे वाण काढले. तिवऱ्याचा पांगळेपणा पोटरी उडून येत नसे. पाय ताठायचे, गुडघे एकमेकांना घासायचे, माणूस चवड्यांवर चालायला लागायचा आणि मग हातात काठी यायची.

म्हणून अनुभवी डॉक्टर फडफडीपेक्षा भलतंच विचारतात. चालताना चप्पल निसटते का? शर्टाचं बटण लागतं का? भात कालवता येतो का? उकिडवं बसून उठता येतं का? जीभ जड होते, पाणी पिताना ठसका लागतो? अंगठ्यामागचं मांस खोल गेलंय? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर घरी बसू नका, भिलाईत सेक्टर 9 चं हॉस्पिटल आहे, रायपूरला एम्स आहे. तिथेही घाबरून जायचं कारण नाही. आपल्याकडे तरुण मुलांत एकच हात बारीक होण्याचा एक आजार दिसतो, तो बहुधा काही वर्षांनी आपोआप थांबतो.

सगळ्याला ‘नाही’ असेल तर सुया टोचून करायची तपासणीही बहुतेकदा लागत नाही. तरीही काही जण दिवसातून दहा वेळा टाचांवर चालून, चवड्यांवर उभं राहून ताकद अजमावत बसतात. तेवढं बंद करा. दमलेली पोटरी त्यानेच जास्त उडते.