मोटारसायकल चालवितांना हातास येणारी बधिरता

पहांटे दुधाच्या किटल्या बांधून संकलन केंद्राकडे जाणाऱ्या किंवा बाजाराच्या दिवशीं तालुक्याचें गांव गांठणाऱ्या शेतकऱ्याच्या हातास पंचवीस-तीस किलोमीटर गेल्यावर मुंग्या येतात व मूठ आपली नव्हेशी वाटूं लागते. हात झटकला कीं तें जातें, म्हणून कोणी त्याकडे लक्ष देत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही पुष्कळ वर्षें दिलें नाहीं. पुढें एकदां उतारावर ब्रेकचा लिव्हर बोटांस लागला कीं नाहीं हेंच कळेना, तेव्हां या गोष्टीचें कारण शोधणें प्राप्त झालें.

मनगटावरून तळहातांत दोन मुख्य मज्जातंतू जातात. पहिला मनगटाच्या मध्यभागीं हाडें व चिवट पट्टा यांमधील अरुंद वाटेनें जातो; आंगठा, तर्जनी, मधलें बोट व अनामिकेची आंगठ्याकडील बाजू यांची संवेदना त्याजकडे आहे. दुसरा करंगळीच्या बाजूनें, तळहाताच्या टाचेपाशीं जातो व तेथें त्यावर मांसाचें आच्छादन थोडें असतें. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू त्याची होय. यावरून वाचकांनीं एक गोष्ट अवश्य पाहावी: बधिर होतात तीं बोटें कोणतीं? आंगठ्याकडील असल्यास मनगट वांकडें धरलें जात आहे व मूठ फार आवळली जात आहे, असें बहुधा समजावें. उजव्या हातीं हें विशेष घडतें, कारण गति वाढवितांना तेंच मनगट मागें वळतें. करंगळीकडील असल्यास शरीराचा भार तळहातांवर पडत आहे. हातानें धारा काढणाऱ्यांस पहिला प्रकार लवकर जाणवतो. त्यांच्या मनगटास सकाळ-संध्याकाळ तेंच काम असतें.

यांत भर पडते ती कंपाची. एका सिलिंडरची गाडी कांहीं ठराविक गतीस अधिक थरथरते. तेथें गिअर बदलावा किंवा वेग थोडा कमी करावा. दीर्घकाळच्या कंपानें बोटांतील बारीक रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतीं हवेच्या दाबावरील हातोड्यांनीं दगड घडविणाऱ्या कामगारांचीं बोटें थंडींत पांढरीं पडत, हें डॉ. आलिस हॅमिल्टन यांनीं १९१८ सालीं दाखवून दिलें. पॉवर टिलर अथवा गवत कापण्याचें यंत्र वापरणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. त्या यंत्रानंतर लगेच लांबची दौड करूं नये.

उपाय बिनखर्चाचे आहेत. गाडीवर बसून बोटें लिव्हरवर ठेवावीं. मनगट व हाताचा पुढील भाग एका रेषेंत नसल्यास लिव्हरचा बोल्ट सैल करून तो खालीं वा वर फिरवावा. पेट्रोलची टांकी गुडघ्यांनीं धरावी, म्हणजे तळहातांवरील भार उतरतो. क्लचच्या वायरीस तेल द्यावें. ती जड झाल्यानें डाव्या हातास किती श्रम होतात, हें तेल दिल्यावरच कळतें. इंजिनाचे सैल बोल्ट, ढिली चेन व झिजलेला कोनसेट यांची तपासणी करून घ्यावी. बाजारांत मुठींवर चढविण्याचीं जाड स्पंजाचीं वेष्टनें मिळतात, पण लहान हाताच्या माणसास त्यांमुळें मूठ अधिकच आवळावी लागते. तीं सर्वांस हितकर नाहींत. अर्ध्या-पाऊण तासानें थांबून हात मोकळे करावे.

तथापि गाडी बंद असतांही बधिरता राहिली, रात्रीं मुंग्यांनीं झोंप मोडूं लागली, किंवा हातांतून वस्तु गळूं लागल्या, तर डॉक्टरांस दाखवावें. मधुमेहानें व थायरॉईडच्या विकारानेंही असें होतें. त्यांची परीक्षा रक्तावरून होते. त्वचेवर फिकट वा तांबूस चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन सरकारी दवाखान्यांत जावें. तेथें औषध विनामूल्य मिळतें, व वेळेवर घेतल्यास हात शाबूत राहतो. निव्वळ मनगटाचा दोष असल्यास रात्रीं मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून पुष्कळांस उतार पडतो. आपल्याकडे सुगी आटोपल्यावर पाहूं म्हणून दुखणें लांबणीवर टाकण्याची रीत आहे. परंतु आंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा एकदां झिजून सपाट झाला, म्हणजे शस्त्रक्रियेनेंही तो पूर्ववत् होईलच असें नाहीं.