जर्मनची होडी

आमच्या घरात ॲल्युमिनियम हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता. स्वयंपाकघरात होतं ते जर्मन. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. शेजारच्या काकू जर्मल म्हणायच्या. या धातूला मान असा कधी नव्हताच. तांब्यापितळेचे चिंच, राख, कल्हई असे लाड. स्टीलच्या भांड्यावर आजोबांचं नाव कोरलेलं. आणि जर्मन मोरीत कुठंतरी पडलेलं, पोचे आलेलं, बुडाला काळं. त्याच्याबद्दल आजीची आज्ञा एकच : आमसुलाचं सार त्यात ठेवायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला ते कळलं पंचावन्नाव्या वर्षी, मिनेसोटातल्या माझ्या गॅरेजात, एका चौदा फुटी होडीखाली पाठीवर आडवा पडलेलो असताना.

होडी मिळाली ती एका शेतावर, गोठ्यामागे उपडी टाकलेली. ट्रेलरसकट दोनशे डॉलर. हिरवा रंग पोपडे धरून सुटत होता, मागच्या बाजूला इंजिन अडकवायची जागा बोटानं दाबली तर मऊ लागत होती, आणि कुणी केली, कधी केली, याची पट्टी केव्हाच उखडून गेलेली. वय तेवढं एका अभावावरून काढता आलं. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या सांगाड्यावर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक घालणं सक्तीचं झालं. मागच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला तो असायला हवा. माझ्या होडीवर तो नव्हता, खरवडल्याची खूणही नव्हती. म्हणजे बाई बहात्तरच्या आधीच्या.

अशी होडी मिनेसोटात सापडावी यात नवल नाही. इथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर ‘१०,००० तळी’ असं छापलेलं असतं. दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. (आपल्याकडे पाटीवर वाढवून लिहितात, इथे कमी करून.) अल्युमाक्राफ्ट ही कंपनी याच राज्यात १९४६ साली सुरू झाली. न्यूयॉर्क मिल्स नावाच्या इथल्याच लहानशा गावात हॉवर्ड लंड यांनी आधी स्वतःपुरती एक ॲल्युमिनियमची होडी केली आणि १९४८ मध्ये तिचा कारखाना झाला. साल बघा. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या सगळे या धंद्यात उतरलेले आहेत.

त्याचं कारण विमानं. विमानांसाठी धातू हवा म्हणून १९३९ ते १९४३ या चार वर्षांत अमेरिकेचं ॲल्युमिनियमचं उत्पादन पाचपटीहून जास्त वाढलं. एका बी-२४ बॉम्बर विमानात रिव्हेट लागत तीन लाखांच्या वर. ते ठोकायला कारखान्यांत बायका आल्या. नॉर्मन रॉकवेल यांनी मे १९४३ मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर मांडीवर रिव्हेट गन आणि हातात सँडविच अशी जी रोझी काढली, ती यांच्यातलीच. मग १९४५ ला युद्ध थांबलं. धातू होता, यंत्रं होती, पत्रा वाकवणारे आणि रिव्हेट मारणारे हजारो हात होते, विमानांना मात्र गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

ग्रुमन कंपनीची गोष्ट यातली सगळ्यात बोलकी. लाँग आयलंडवरच्या बेथपेज इथली ही कंपनी आरमारासाठी लढाऊ विमानं करायची. एकट्या हेलकॅट जातीची तिनं १२,२७५ केली. तिचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये सुटीला ॲडिराँडॅकच्या डोंगरात कनू नावाची होडी घेऊन गेले. त्या भागात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी डोक्यावर घेऊन मधला डोंगर चालावा लागतो. कनू लाकडाची, वर कॅनव्हास. पाणी पिऊन ती जड होत जाते. त्या ओझ्याखाली त्यांच्या मनात आलं, की आपण दिवसभर ज्या पत्र्याची विमानं करतो त्याचीच ही का नको? ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.९ च्या घरात. शिवाय पाणी प्यायचा प्रश्नच नाही. १९४५ मध्ये ग्रुमनच्या कनू बाजारात आल्या. पत्रा दोन्ही कडांनी पकडून साच्यावर ताणायचा, असे दोन अर्धे भाग करायचे आणि कण्यावर रिव्हेटनं जोडायचे, ही रीत विमानाच्या अंगाचीच. पुढे १९५२ मध्ये हे काम न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन गावी हललं. याच ग्रुमननं नंतर चंद्रावर उतरणारं अपोलोचं यान बांधलं. होडी, लढाऊ विमानं आणि चांद्रयान एकाच छपराखालच्या माणसांनी करावीत, हे मला अजून पचलेलं नाही.

ज्या धातूला आमच्या मोरीत जागा, तो एकेकाळी दागिन्यात मोडत होता. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला मुद्दाम ॲल्युमिनियमचा लहानसा पिरॅमिड ओतला, कारण वस्तू मौल्यवान. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या विशीतल्या दोन पोरांनी एकमेकांना न विचारता विजेनं तो स्वस्तात वेगळा करायची एकच युक्ती शोधली. तिथून त्याचा भाव उतरत उतरत पातेल्यापर्यंत आला.

आता गॅरेजात येऊ.

शेजारच्या घरातले आजोबा आयुष्यभर पत्र्याचं काम केलेले. होडी उतरवली त्या संध्याकाळी ते आले, पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “आधी लाकूड बघ.” त्यांच्या म्हणण्याचा अर्थ महिनाभर उकलत गेला. साठ वर्षांच्या या होडीत ॲल्युमिनियम जवळजवळ आहे तसं होतं. बिघडलं होतं ते त्याच्या सोबतीला दिलेलं सगळं : लाकूड, फोम, लोखंडी स्क्रू, रंग.

ट्रान्सम म्हणजे होडीची मागची उभी भिंत. इंजिन तिच्यावर लटकतं आणि सगळा रेटा तिच्यावर येतो. तिथं पत्र्याच्या दोन थरांत प्लायवूड घातलेलं असतं. कुणीतरी कधीतरी त्यात एक जादा भोक पाडलं आणि बुजवलं नाही. तिथून पाणी शिरलं. पत्रा सोडवला तेव्हा आतून निघालं ते प्लायवूड नव्हतं, भिजलेल्या तंबाखूसारखा लगदा होता. मी तो कालथ्यानं काढला. (कालथा घरातला. त्यावर नंतर चर्चा झाली.)

नवं लाकूड घालताना मी एक मोठी चूक करता करता वाचलो. दुकानात कीड न लागणारं, प्रक्रिया केलेलं प्लायवूड मिळतं. साहजिकच हात तिकडे गेला. पण घरगुती वापराच्या अशा लाकडातून अमेरिकेत २००३ च्या अखेरीस आर्सेनिक गेलं आणि त्या जागी तांब्याचं प्रमाण वाढवलेली रसायनं आली. तांबं, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. वीस वर्षं टिकावं म्हणून घातलेलं लाकूड भोवतीचा पत्राच खाऊन टाकतं. मग साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड आणलं, पाऊण इंचाचे दोन तक्ते इपॉक्सीनं चिकटवले, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाला इपॉक्सी पाजली. ती थंडीत धरत नाही. मार्चमध्ये इथलं गॅरेज म्हणजे फ्रीझर, त्यामुळे तो तक्ता आमच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या पाठीमागे, चार दिवस वाळत उभा होता.

या बॅटरीचा पुरावा होडीच्या तळाशीच निघाला. फळ्या उचलल्यावर खाली कुजलेल्या पानांचा चिखल होता. त्यात दोन गळ, शिशाचं एक वजन आणि एक सेंटचं नाणं. नाणं १९६४ चं. १९८२ नंतरची नाणी जस्ताची असतात, वर तांब्याचा नुसता मुलामा. हे मात्र ९५ टक्के तांब्याचं. ते उचललं तर खाली दह्याच्या कवडीसारखी पांढरी भुकटी, आणि ती पुसल्यावर नाण्याएवढ्याच गोलात बारीक खड्डे. एकातून सुई आरपार गेली.

आणि तिथं आजीचं सार आठवलं. ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, पण खरं तर ते हवा लागताक्षणी गंजतं. फक्त तो गंजच त्याचं चिलखत होतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांएवढा हा थर जाड. ओरखडा काढा, पुन्हा धरतो. पण त्याला प्राणवायू लागतो. ओल्या पानांखाली, नाण्याखाली तो मिळत नाही, थर फाटला की फाटलेलाच राहतो. आणि आम्लात तो विरघळतो. आमसूल म्हणजे आम्लच. आजीला इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हते, पातेलं ठाऊक होतं.

गंमत अशी, की रंग देताना हेच आम्ल कामाला येतं. त्या गुळगुळीत थरावर रंग धरत नाही, म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल असलेला प्रायमर मारून तो खरवडून घ्यावा लागतो. रंग काढणं हे मात्र सगळ्यात कंटाळवाणं काम. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि खालच्या पिवळट-हिरव्या प्रायमरात क्रोमेट, म्हणून कोरडं घासून धूळ करायची नाही. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि पुढे तिथंच गंज. त्यावर यापेक्षा जास्त शब्द घालवत नाही. सहा शनिवार गेले तेवढे पुरेत.

खरी मजा गळती शोधण्यात. होडी पाण्यात घालण्याआधी पाणी होडीत घालायचं. ट्रेलरवर नीट टेकू देऊन आत नळी सोडायची आणि खाली जाऊन पडायचं. फार भरायचं नाही. चार बोटं पाणी म्हटलं तरी तीनशे लिटरच्या आसपास होतं, म्हणजे तीनशे किलो, आणि हे वजन पेलायला होडी केलेली नसते, पाण्याचा आधार तिला बाहेरून मिळतो. मी बॅटरी तोंडात धरून थेंब शोधत होतो. जिथं थेंब तिथं मेणखडूनं गोल. पहिल्या दिवशी एकतीस गोल झाले. कोकणातल्या लाकडी होडीचं बरं. ती पाण्यात राहिली की फळ्या फुगतात आणि बारीक फटी आपोआप मिटतात. पत्रा फुगत नाही. साठ वर्षं लाटांवर आपटून त्याचे रिव्हेट ढिले होतात, आणि ते माणसानंच आवळायचे.

रिव्हेट मारणं हे एकट्याचं काम नाही. बाहेरून एकानं गन धरायची आणि आतून दुसऱ्यानं रिव्हेटच्या बुडाशी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोका बाहेरून बसतो, पण पसरतं ते आतलं टोक. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याच्या आत लोखंडी टेकू ठेवून बाहेरून ठोके घालताना बघितलं असेल, तर हे तेच. बाहेर आलेली दांडी तिच्या जाडीच्या दीडपट हवी. नीट ठोकल्यावर ती जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच चकती होते. जास्त ठोकलं तर कडा फाटतात, कमी ठोकलं तर गळतं. साधे पॉप रिव्हेट एका हातानं बसतात, पण ते मधून पोकळ. पाण्याखाली घालायचे तर बंद टोकाचेच शोधावे लागतात. आजोबांनी त्यांचं नावच काढू दिलं नाही.

ठोकळा धरायला लेक आली. सुटीला घरी होती.

“बाबा, किती जोरात धरू?”

“मी ढकलतोय त्याच्यापेक्षा थोडं कमी.”

“तुम्ही किती ढकलताय ते मला कसं कळणार?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पहिले चार रिव्हेट वाकडे बसले, ड्रिलनं उडवावे लागले. दोघांच्याही कानांवर झाकणं, त्यामुळे बोलणं बंद; तिनं ठोकळ्यानं एकदा टक केलं की अजून मार, दोनदा केलं की झालं. आठव्या-नवव्याला मी अंदाजानं थांबलो आणि तिचे दोन टक नेमके तेव्हाच आले. बावीस जुने नुसते आवळून भागले, नऊ नवे घातले. रात्री जेवताना तिनं ताटावर वाटी दोनदा टकटक वाजवली. बायकोनं भाजी वाढायची थांबवली.

आसनांखालचा फोमही बदलला. जुना पाणी पिऊन जड झाला होता, पण काढून मोकळं सोडणं हा शुद्ध वेडेपणा. होडी भरली तर तिला बुडू न देणारा तोच. बंद पेशींचा गुलाबी फोम कापून बसवला, पेट्रोल लागलं तर विरघळतो म्हणून टाकीपासून लांब.

मे महिन्यात होडी तळ्यावर नेली. आजोबा धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते. ट्रेलर मागे घेतला, होडी पाण्यावर सुटली, मी चढलो, आणि पायाला गार लागलं. बघतो तर टाचेएवढं पाणी, भराभर वाढतंय. एकतीसच्या एकतीस रिव्हेट डोळ्यांपुढून गेले. लेक धक्क्यावरून ओरडली, “बाबा, खिसा!”

मिनेसोटात बोट रस्त्यानं नेताना तिच्या बुडाचं बूच काढून ठेवायचं असा कायदा आहे. एका तळ्यातल्या परदेशी शिंपल्या दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून सगळं पाणी निथळलेलं हवं. तो मी तंतोतंत पाळला होता. बूच माझ्या पँटच्या खिशात होतं. आजोबांनी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केलं.