मधल्या ओळीतला आकडा

नव्या मशीनवर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन कंपाईल झालं, की डाव मांडायच्या आधी मी टर्मिनलवर 'बेंच' टाइप करतो. प्रोग्रॅम ठरलेल्या काही स्थिती एकापाठोपाठ एक तपासतो, प्रत्येक तेराव्या पातळीपर्यंत. शेवटी तीन ओळी उमटतात : लागलेला वेळ, तपासलेल्या नोड्सची एकूण संख्या आणि सेकंदाला किती नोड. नवखा माणूस तिसरी ओळ बघून खूश होतो. माझं लक्ष मधल्या ओळीकडे असतं. जुना इंटेल असो, रास्पबेरी पाय असो की ॲपलची एम१, सोर्स तोच असेल तर ही संख्या शेवटच्या अंकापर्यंत तीच यायला हवी. एकाचा जरी फरक पडला, तरी पोर्टिंगमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय.

जुन्या हौशी प्रोग्रॅममध्ये ते कुठे मुरतं, हे बहुधा ठरलेलं असतं. पटावरचं प्रत्येक घर एका बाइटमध्ये, पांढरा हत्ती ४, काळा हत्ती उणे ४. एक्स८६वर सी भाषेतला साधा कॅरॅक्टर ऋण आकडे धरतो, एआरएमवरच्या लिनक्सवर धरत नाही. उणे ४ चे तिथे २५२ होतात. शून्याहून मोठा तो पांढरा, असा नियम असेल तर पटावर काळं काही उरतच नाही! आणि कंपायलर बहुतेकदा चकार शब्द काढत नाही.

स्टॉकफिशमध्ये असलं काही नाही. तिथली गंमत हत्ती-उंटांच्या चालींत आहे. पटाची घरं ६४, नव्या प्रोसेसरचा शब्दही ६४ बिटांचा. डी४वरच्या हत्तीची वाट कुठे अडते हे कळायला, कडेची घरं सोडून, दहा घरं बघावी लागतात. ६४ बिटांत विखुरलेले हे दहा बिट गोळा केले की ० ते १०२३मधला एक आकडा मिळतो आणि तक्त्यातून चाली थेट उचलता येतात. पूर्वी हे काम शोधून काढलेल्या एका 'मॅजिक' संख्येने गुणून व्हायचं. २०१३च्या हॅसवेलपासून इंटेलने त्यासाठी एकच सूचना दिली : पेक्स्ट. एएमडीच्या पहिल्या दोन झेन पिढ्यांतही ती होती, पण मायक्रोकोडमधून रखडत चालणारी. त्यामुळे त्या रायझनवर पेक्स्टची 'नवी' बायनरी जुन्या गुणाकारापेक्षा मागे पडायची. झेन ३ने २०२० साली ते दुरुस्त केलं. सूचना आहे असं माहितीपत्रक म्हणतं, एवढ्यावरच ती वापरू नये. वेळ मोजून बघावा. एम१वर पेक्स्ट नाहीच, तिथे गुणाकारच चालतो आणि झकास चालतो.

२०२०च्याच सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ आलं आणि स्थितीचं मोल ठरवायला छोटं न्यूरल नेटवर्क बसलं. आता प्रत्येक स्थितीमागे गुणाकार-बेरजांचा ढीग. एक्स८६चं एव्हीएक्स२ एका दमात ३२ बाइट घेतं, एआरएमचं निऑन १६. दोन्हींसाठी कोड वेगळा, बेरजेचा क्रमही वेगळा. दशांश संख्या असत्या तर क्रम बदलताच शेवटचा अंक हलला असता आणि मधली ओळ कधीच जुळली नसती. म्हणून सगळं पूर्णांकांत. इंटेलची एक सूचना बाइटांचे दोन गुणाकार करून बेरीज १६ बिटांत कोंबते, मर्यादा ३२,७६७. एका बाजूचे आकडे १२७वर छाटलेले, दुसरीकडे जास्तीत जास्त उणे १२८. वाईटात वाईट बेरीज उणे ३२,५१२. थोडक्यात बसते. एवढी काटकसर मला फार आवडते.

हे सगळं एका थ्रेडवर. दोन थ्रेड लावले की आकडा दर वेळी बदलतो, एकाच मशीनवरसुद्धा, कारण दोघं एकाच हॅश टेबलात लिहितात. एक्स८६ मेमरीतल्या लिखाणाचा क्रम बराचसा पाळतं. एआरएम तेवढं बांधून घेत नाही. अनेक थ्रेड असले की बेंचचा उपयोग नसतो. मग मी सगळे कोर लावून मशीन रात्रभर स्वतःशीच खेळत ठेवतो आणि सकाळी लॉगमध्ये बेकायदा चाल शोधतो.